धर्माचा रकाना : हरसूलचा वाघदेव कायद्याला दिसतो का?

#थ्रेड

नाशिक जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला, त्र्यंबकेश्वर तालुक्यात, हरसूल हे आदिवासी मुलखातील बाजारगाव आहे. ज्या तालुक्यात बारा ज्योतिर्लिंगांपैकी एक आहे, ज्या तालुक्यात निवृत्तिनाथांची समाधी आहे आणि पौष वद्य एकादशीला वारकऱ्यांची रीघ लागते, त्याच तालुक्यातील हे गाव. मात्र इथल्या कोकणा, वारली, महादेव कोळी, ठाकूर वस्त्यांचे देव बहुधा देवळात राहत नाहीत. ते शिवेवर, डोंगरावर आणि धान्याच्या कणगीत राहतात.

शिवेवरचा वाघदेव म्हणजे दगडाचा किंवा लाकडाचा उभा खांब. त्यावर वाघ, वर चंद्र-सूर्य. वाघबारशीला गुराखी पोरे त्याच्यापुढे जमतात. मार्गशीर्षात कोकणा पुरुष डोंगऱ्यादेवाचे व्रत धरतात आणि पावरीच्या सुरावर रात्री जागवतात. नवे धान्य आले की कणसरीचा मान आधी. वारल्यांचे लग्न ब्राह्मण लावत नाही; धवलेरी नावाची बाई गाणी म्हणून लावते. यातल्या कशालाही विश्वस्त मंडळ नाही, नोंदणी क्रमांक नाही, दानपेटी नाही, ग्रंथ नाही.

भारतीय संविधानाचे कलम २५ प्रत्येकाला सद्सद्विवेकबुद्धीचे आणि धर्म मुक्तपणे मानण्याचे, आचरण्याचे व त्याचा प्रसार करण्याचे स्वातंत्र्य देते. शाळेच्या पुस्तकात हा विषय इथेच संपतो. पण या हक्काच्या आत एक प्रश्न दडलेला आहे आणि तो फार जुना आहे. आधी राज्याला ‘हा धर्म आहे’ असे वाटले पाहिजे. मगच ते त्याला स्वातंत्र्य देणार. वाघदेवाच्या बाबतीत राज्याला तसे कधी वाटले, कधी वाटले नाही, याचा हा इतिहास.

सुरुवात संस्थानी काळापासून करावी लागते. हरसूल हे तेव्हाच्या पेठ संस्थानातले. राजघराणे मूळचे दळवी; पुढे त्याने इस्लाम स्वीकारला. तरी जुनी नावे सुटली नाहीत. अब्दुल मोमीन ऊर्फ लक्षधीर दळपतराव असे जोडनाव धारण करणारा राजा या घराण्यात होऊन गेला. राजा मुसलमान आणि रयत वाघदेवाला कोंबडे देणारी, अशी ही व्यवस्था. ती कुणाच्या उदार धोरणातून उभी राहिली होती असे समजण्याचे कारण नाही. डोंगरातल्या रयतेकडून दरबाराला सारा आणि लाकूड हवे होते. तिच्या देवांशी त्याचे काही अडत नव्हते.

डिसेंबर १८५७ मध्ये हरसूलचा बाजार लुटला गेला, उठाव पेठपर्यंत पसरला आणि संस्थानच्या बेगमच्या नात्यातील भगवंतराव यांना इंग्रजांनी फाशी दिले. पुढे १८७८ मध्ये बेगम नूरजहान यांच्या निधनानंतर संस्थान खालसा होऊन नाशिक जिल्ह्यात आले.

या दोन घटनांच्या मध्ये, १ नोव्हेंबर १८५८ रोजी, राणीचा जाहीरनामा निघाला. धर्माच्या कारणावरून कुणावर मेहेरनजर होणार नाही आणि कुणाला त्रासही दिला जाणार नाही, असे त्यात वचन होते. हिंदुस्थानात राज्याने धर्माबाबत तटस्थ राहण्याची ही पहिली मोठी जाहीर कबुली. तिच्यामागे बंडाची धास्ती होती हे उघड आहे. काडतुसांचा अनुभव ताजा होता.

तटस्थ राहायचे तर कोण कोणत्या धर्माचा हे ठाऊक हवे, असे सरकारला वाटू लागले. मग मोजणी आली. १८७२ पासून मुंबई इलाख्यात शिरगणती सुरू झाली आणि तिच्यात धर्माचा रकाना होता. मुसलमान, पारशी, ख्रिस्ती, जैन यांच्या नोंदीत फारशी अडचण नव्हती. डोंगरातल्या माणसापाशी आल्यावर मात्र मोजणाऱ्याची लेखणी थबकली. ‘तुझा धर्म कोणता’ या प्रश्नाला वारल्याकडे एका शब्दाचे उत्तर नव्हते, कारण हा प्रश्नच त्याला कुणी कधी विचारला नव्हता. त्याने जात सांगितली असेल, गाव सांगितले असेल, देवाचे नाव सांगितले असेल. रकान्यात काय लिहायचे ते साहेबाने ठरवले.

ठरवणेही दर खेपेला बदलत गेले. कधी ‘आदिम’ असा शिक्का, तर विसाव्या शतकाच्या आरंभी ‘ॲनिमिस्ट’. म्हणजे झाडाझुडपांत, दगडधोंड्यांत जीवात्मा आहे असे मानणारा. हा शब्द ऑक्सफर्डच्या मानववंशशास्त्रातून आला होता. हरसूलच्या बाजारात तो कुणालाही समजला नसता.

हा शब्द पोकळ असल्याचे मोजणाऱ्यांच्याही लक्षात येत होते. १९२१ च्या शिरगणतीचे मुंबई इलाख्याचे अधीक्षक सेजविक यांनी आपल्या अहवालात स्पष्ट मत दिले : ‘ॲनिमिझम’ हा धर्म म्हणून मोजणे सोडून द्यावे आणि आजवर त्यात घातलेल्या सर्वांना पुढच्या वेळी हिंदूंत धरावे. त्यांचा मुद्दा निरर्थक नव्हता. डोंगरातला देव आणि गावातला देव यांच्यात रेघ ओढणे खरोखरच कठीण आहे. त्र्यंबक, पेठ, मोखाडा, जव्हार या पट्ट्यातला बोहाडा पाहिला तर एकाच रात्री गणपती, सरस्वती, रावण आणि गावदेवता यांची सोंगे एकाच वाद्यावर नाचतात. पण रेघ ओढता येत नाही म्हणून एक बाजूच पुसून टाकायची, हा कारकुनी उपाय झाला. ज्यांच्याबद्दल हे मत होते त्यांना कुणी विचारले नाही, हे दोन्ही पद्धतींत समान.

१९३१ मध्ये हटन यांनी ‘जमातींचे धर्म’ असा वर्ग ठेवला. १९४१ मध्ये धर्माऐवजी मूळ जमातीवरून मोजणी झाली. स्वातंत्र्यानंतर सहा प्रमुख धर्म आणि ‘इतर धर्म व पंथ’ अशी रचना रूढ झाली, ती आजपर्यंत. दरम्यान १९४३ मध्ये मालवणात जन्मलेले समाजशास्त्रज्ञ गो. स. घुर्ये यांनी आदिवासींना ‘मागासलेले हिंदू’ म्हणावे असे प्रतिपादन करणारा ग्रंथ लिहिला; पुण्याच्या गोखले संस्थेने तो काढला. त्यांचा रोख व्हेरियर एल्विन यांच्यासारख्यांवर होता, ज्यांना आदिवासींचे वेगळेपण सरकारने जपावे असे वाटे. हा वाद गाजला आणि त्याचे सावट आजच्या प्रत्येक चर्चेवर आहे. गंमत अशी की एका बाजूला मालवणी ब्राह्मण प्राध्यापक आणि दुसऱ्या बाजूला मिशनरीपद सोडलेला इंग्रज, आणि दोघे मिळून कोकण्यांचा-वारल्यांचा धर्म ठरवत होते.

आता थोडे दूर जावे लागेल, कारण धर्मस्वातंत्र्याची चर्चा निघाली की अमेरिकेचा दाखला हमखास येतो. १७९१ च्या पहिल्या घटनादुरुस्तीने तिथल्या संसदेला कोणताही धर्म प्रस्थापित करण्यास आणि धर्माचरणास मनाई करण्यास बंदी घातली. १८०२ मध्ये थॉमस जेफरसन यांनी डॅनबरीच्या बॅप्टिस्ट मंडळींना लिहिलेल्या पत्रात चर्च आणि राज्य यांच्यातल्या भिंतीची उपमा दिली. ती उपमा जगभर गेली.

या भिंतीच्या कोणत्या बाजूला तिथले मूलनिवासी होते? कोणत्याच नाही. १८६९ नंतर अध्यक्ष ग्रँट यांच्या धोरणाखाली मूलनिवासींच्या राखीव प्रदेशांचा कारभार चक्क ख्रिस्ती पंथांमध्ये वाटून देण्यात आला : अमुक ठिकाण क्वेकरांचे, तमुक मेथॉडिस्टांचे. १८८३ मध्ये मूलनिवासींच्या ‘गुन्ह्यांची’ संहिता आली. सूर्यनृत्यासारखे विधी आणि वैदूंचे विधी-उपचार तिने शिक्षापात्र ठरवले. शिधा रोखणे आणि कैद या त्या शिक्षा. या बंदीने पहिली दुरुस्ती मोडते असे वॉशिंग्टनमध्ये फारसे कुणाला वाटले नाही, कारण तो ‘धर्म’ नव्हताच. ती रानटी चाल होती. विधींवरची बंदी १९३४ मध्ये उठली. मूलनिवासींच्या धर्मस्वातंत्र्याचा स्वतंत्र कायदा व्हायला १९७८ उजाडले.

आणि त्यानंतरही १९८८ मध्ये कॅलिफोर्नियातल्या एका जंगलरस्त्याचा खटला तिथल्या सर्वोच्च न्यायालयात गेला. रस्ता युरोक, कारोक आणि टोलोवा जमातींच्या पवित्र डोंगरभागातून जाणार होता. रस्त्याने त्यांचे धर्माचरण उद्ध्वस्त होऊ शकते हे गृहीत धरूनही न्यायालयाने सरकारच्या बाजूने निकाल दिला : जमीन सरकारची आहे, आणि सरकार कुणाला श्रद्धा सोडायला भाग पाडत नाही. ज्यांचा देव डोंगरात आहे त्यांना डोंगर आणि श्रद्धा वेगळी कशी करायची, हे मात्र त्या निकालातून कळत नाही.

भारताने इथे वेगळी वाट धरली, आणि ती वाट १९५४ च्या दोन निकालांत दिसते. पहिला मद्रासकडचा, शिरूर मठाचा. धर्म म्हणजे काय हे ठरवताना अमेरिकेतील १८९० च्या एका निकालातली व्याख्या न्यायालयापुढे होती. ती धर्माला निर्मात्याशी असलेल्या माणसाच्या नात्यात पाहते. न्यायमूर्ती बिजनकुमार मुखर्जी यांनी ती अपुरी ठरवली. बौद्ध आणि जैन निर्मात्या ईश्वराला मानत नाहीत, तरी ते धर्मच आहेत. शिवाय धर्म म्हणजे केवळ तत्त्वे नव्हेत. विधी, पूजेच्या पद्धती, प्रसंगी आहार आणि पोशाखसुद्धा त्यात येतात. वाघदेवाच्या दृष्टीने पाहिले तर ही व्याख्या फार मोलाची. ग्रंथ नसलेल्या, पण विधी असलेल्या माणसाला तीत जागा आहे.

दुसरा निकाल मुंबईचा, रतिलाल पानाचंद गांधी यांचा. मुंबई सरकारने १९५० मध्ये सार्वजनिक विश्वस्त व्यवस्थेचा कायदा केला आणि देवस्थाने धर्मादाय आयुक्तांच्या नोंदवहीत आणली. हिशेब, नोंदणी, तपासणी यांना न्यायालयाने मान्यता दिली. पण आयुक्तालाच धर्मसंस्थेचा विश्वस्त म्हणून बसवण्याची मुभा रद्द केली. राज्याने पैशांचा हिशेब मागावा, गाभाऱ्यात शिरू नये, अशी ढोबळ हद्द ठरली. महाराष्ट्रातल्या लहानमोठ्या देवस्थानांचा कारभार आजही बव्हंशी याच हद्दीत चालतो. हरसूलच्या वाघदेवाला हे लागू नाही, कारण त्याची संपत्ती म्हणजे एक दगड आणि थोडा शेंदूर. सरकारी तपासणीपासून तो मुक्त आहे, पण सरकारी नोंदवहीतही नाही. वनखात्याच्या नकाशावर, किंवा धरणाच्या बुडीत क्षेत्राच्या नकाशावर, ती जागा बहुधा कोरीच दिसते.

यापुढचा भाग गुंतागुंतीचा आहे आणि नेमका याच भागावर सभा-मेळावे होतात, म्हणून तो सावकाश पाहिला पाहिजे.

१९५० च्या अनुसूचित जातींच्या आदेशात धर्माची अट होती : सुरुवातीला मुख्यतः हिंदू, १९५६ पासून शीख, १९९० पासून बौद्धही. अनुसूचित जमातींच्या आदेशात मात्र धर्माचा उल्लेखच नाही. १९६५ मध्ये लोकूर समितीने जमाती ओळखण्याचे निकष सांगितले तेव्हा आदिम खुणा, वेगळी संस्कृती, भौगोलिक अलगपणा, बाहेरच्यांशी मिसळण्याचा संकोच आणि मागासलेपण हे पाच दिले. धर्म त्यांत नाही. म्हणजे कोकणा माणूस हिंदू असो, ख्रिस्ती असो वा मुसलमान, कायद्याच्या लेखी तो कोकणाच. २००४ मध्ये केरळच्या चंद्रमोहनन प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की केवळ धर्म बदलल्याने कुणी जमातीबाहेर जात नाही. मात्र तो जमातीच्या चालीरीती पाळतो का, जमात त्याला आपला मानते का, हा पुराव्याचा प्रश्न राहतो.

याविरुद्धची मागणी ‘डी-लिस्टिंग’ म्हणून ओळखली जाते : ज्यांनी मूळ धर्म सोडला त्यांना यादीतून वगळा. झारखंडच्या मुलखातले खासदार कार्तिक उरांव यांनी १९६० च्या दशकाच्या अखेरीस ती संसदेत लावून धरली. अलीकडे महाराष्ट्रासह अनेक राज्यांत तिच्यासाठी मेळावे झाले. सवलतींचा मोठा वाटा मिशनच्या शाळांतून शिकलेल्यांना मिळतो, ही तक्रार तिच्या मुळाशी आहे, आणि ती केवळ द्वेष म्हणून झटकून टाकण्यासारखी नाही. पण मागणी अमलात आणायची तर ‘मूळ धर्म’ म्हणजे काय हे आधी राज्याला लिहून द्यावे लागेल. सेजविक यांनी ज्याला धर्म म्हणून मोजायलाच नकार दिला, तोच तो धर्म! या पट्ट्यात ख्रिस्ती झालेली कुटुंबे आहेत, तशी गळ्यात माळ घालून वारकरी झालेलीही आहेत. माळकरी झालेला वारली वाघदेवाला कोंबडे देत नाही. मग त्याने मूळ धर्म सोडला की नाही? या प्रश्नाचे उत्तर तहसीलदाराने द्यायचे ठरले, तर राज्य नेमके त्या गाभाऱ्यात शिरेल जिथून १९५४ मध्ये त्याला बाहेर काढले होते.

गोंधळ एवढ्यावर थांबत नाही. शिरगणतीत ज्याला हिंदू लिहिले जाते, त्याच माणसाला १९५५ चा हिंदू विवाह कायदा आणि १९५६ चा हिंदू उत्तराधिकार कायदा, केंद्र सरकारने तशी अधिसूचना काढल्याखेरीज, लागू होत नाही. दोन्ही कायद्यांच्या दुसऱ्या कलमात अनुसूचित जमातींना वगळले आहे. धवलेरीने लावलेले लग्न त्यामुळे सप्तपदीशिवाय टिकते, ही चांगली बाजू. वाईट बाजू अशी की वडिलांच्या जमिनीत मुलीला हिंदू कायद्याने मिळणारा समान वाटा आदिवासी मुलीला त्या कायद्याच्या आधारे मागता येत नाही. डिसेंबर २०२२ मध्ये कमला नेती प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ही विसंगती दाखवून केंद्राला कायद्यात दुरुस्तीचा विचार करण्यास सांगितले. प्रथा जपणे आणि प्रथेतल्या अन्यायाला अभय देणे यांतले अंतर आदिवासी समाजाच्या आतल्या बायकांनी ओळखलेले आहे. बाहेरचे अभ्यासक तिथे बऱ्याचदा गप्प असतात.

मुलांचा प्रश्न आणखी नाजूक. आदिवासी पट्ट्यात शिक्षणाचा मोठा भार आश्रमशाळांवर आहे. पाच-सहा वर्षांचे मूल घर सोडून तिथे राहायला येते. काही शाळा सरकारी, काही अनुदानित; अनुदानित शाळा चालवणाऱ्या संस्था वेगवेगळ्या विचारांच्या. कलम २८ इथे थेट बोलते. पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत धार्मिक शिक्षण देता येत नाही. सरकारमान्य किंवा अनुदानित शाळेत ते दिले गेले, तरी विद्यार्थ्याच्या संमतीवाचून, आणि तो अज्ञान असल्यास पालकाच्या संमतीवाचून, त्याला त्यात किंवा सामूहिक उपासनेत भाग घ्यायला लावता येत नाही. प्रार्थना येशूची असो, श्लोक असोत वा आरती, नियम एकच. डोंगरातल्या पाड्यावरचा बाप प्रवेशाच्या कागदावर अंगठा उमटवतो तेव्हा ही संमती त्याला कुणी समजावून विचारते का, हे पाहण्यासारखे आहे.

राज्याने वाघदेवासारख्या देवाला ओळखल्याचे सर्वांत ठळक उदाहरण महाराष्ट्रात नाही, ओडिशात आहे. नियमगिरीच्या डोंगरातून बॉक्साइट काढायचे होते. डोंगरिया कोंधांच्या दृष्टीने तो डोंगर म्हणजे नियमराजा, त्यांचा देव. १८ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की कलम २५ व २६ हे विधी आणि आचारांचेही रक्षण करतात, आणि खाणीमुळे या लोकांच्या उपासनेच्या हक्कावर आघात होतो का याचा विचार ग्रामसभांनी करावा. त्या वर्षीच्या पावसाळ्यात बारा ग्रामसभा झाल्या. बाराही ठिकाणी एकमताने नकार आला. कॅलिफोर्नियाच्या रस्त्याच्या निकालाशेजारी हा निकाल ठेवून वाचावा. भिंतीची उपमा ज्यांच्याकडून आली त्यांच्याकडे डोंगरातल्या देवाला न्याय मिळाला नाही. भिंत कधीच धड न बांधलेल्या देशात तो मिळाला.

त्या निकालाचा पाया दोन कायद्यांत होता : १९९६ चा पेसा आणि २००६ चा वनहक्क कायदा. हरसूलचा परिसर अनुसूचित क्षेत्रात मोडतो, म्हणजे दोन्ही कायदे इथेही आहेत. पेसाचे महाराष्ट्राचे नियम २०१४ मध्ये झाले. आपल्या परंपरा, चालीरीती आणि सांस्कृतिक ओळख यांचे जतन करण्यास ग्रामसभा सक्षम आहे, असे पेसाचे चौथे कलम म्हणते. देवाची जागा, शिवेवरचा खांब, डोंगऱ्यादेवाची गुहा यांची नोंद ग्रामसभा स्वतःच्या ठरावाने करू शकते. त्यासाठी विश्वस्त मंडळ लागत नाही आणि त्या देवाला कोणत्या धर्मात बसवायचे हेही ठरवावे लागत नाही.

२०११ च्या शिरगणतीत देशभरात सुमारे ७९ लाख लोकांनी ‘इतर धर्म व पंथ’ अशी नोंद केली. त्यांतले जवळपास ४९ लाख सरना म्हणवणारे. नोव्हेंबर २०२० मध्ये झारखंड विधानसभेने सरनासाठी स्वतंत्र रकाना मागणारा ठराव केला. पुढच्या शिरगणतीसाठी १ मार्च २०२७ ही संदर्भ तारीख जाहीर झाली आहे. २०११ च्या फॉर्मवर हिंदू १, मुस्लीम २, ख्रिस्ती ३, शीख ४, बौद्ध ५, जैन ६ असे आकडे होते. याखेरीज कुणी काही सांगितले तर आकडा न घालता त्या धर्माचे नाव पूर्ण अक्षरांत लिहायचे होते. सांगणाऱ्याने जे सांगितले तेच लिहावे, त्याच्याशी वाद घालू नये, अशी सूचना प्रगणकांना दिली जाते. १८७२ पासूनच्या दीडशे वर्षांत हरसूलच्या माणसाला त्या रकान्याबाबत मिळालेला एवढाच एक थेट हक्क आहे, आणि तोही प्रगणकाने प्रश्न प्रत्यक्ष विचारला तरच.